घराजवळून वीजवाहिनी जाते, तेव्हा काय तपासावे?

बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्यात बगॅसवर, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाच्या भुश्शावर, वीज तयार होते. ती बाहेर जाते उच्चदाबाच्या तारांमधून. अशा तारांजवळ प्लॉट घेताना घरचे विचारतात, "पोरांना कॅन्सर तर होणार नाही ना?" प्रश्न रास्त आहे.

आधी लाइन कोणती ते ओळखावे. डीपीपर्यंत येणारी लाइन बहुधा ११ हजार व्होल्टची असते, मोठ्या लोखंडी मनोऱ्यांवरची त्याहून खूप जास्त. शंका असल्यास आपण महावितरणच्या शाखा कार्यालयात विचारावे.

तारेभोवती दोन क्षेत्रे असतात. विद्युत क्षेत्र व्होल्टवर ठरते आणि भिंतींनी बरेचसे अडते. चुंबकीय क्षेत्र तारेतल्या प्रवाहावर ठरते. ते भिंतीतून आरपार जाते, पण अंतर वाढले की झपाट्याने घटते. म्हणून नुसते व्होल्ट ऐकून घाबरू नये.

आता आजाराचे. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या अभ्यासाने लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचा वीजतारांशी संबंध प्रथम सुचवला. पुढे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर, घरातले सरासरी क्षेत्र ०.३ ते ०.४ मायक्रोटेस्लाहून (चुंबकीय क्षेत्राचे माप) जास्त असलेल्या थोड्या मुलांत धोका दुप्पट दिसला. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने हे क्षेत्र 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकले. कारण मात्र सिद्ध झालेले नाही, आणि हा आजार मुळातच दुर्मीळ. माझ्या मते, मुलांची झोपायची खोली तारेपासून लांबच्या बाजूला ठेवावी, एवढी काळजी पुरे.

खरा, सिद्ध धोका आहे शॉकचा. नियमानुसार ११ हजारांची तार घराच्या बाजूने किमान १.२ मीटर आणि छपरापासून ३.७ मीटर दूर हवी; ३३ हजारांसाठी बाजूचे अंतर २ मीटर. त्यापुढे दर ३३ हजारांना दोन्ही अंतरांत ०.३ मीटर वाढ. छपरापासूनचे अंतर, तार उन्हाळ्यात जास्तीत जास्त झोळते, तेव्हाचे धरायचे.

चूक होते ती मजला चढवताना. खालचे घर नियमात बसते, पण स्लॅब पडला की तार हाताशी येते. त्याआधीच सेंट्रिंगवर उभा गवंडी लांब सळई उभी करतो. उच्चदाबाच्या तारेला सळई टेकलीही नाही, नुसती जवळ गेली, तरी जीव जातो. अंतर बांबूने किंवा टेपने मोजायलाही जाऊ नये. बांधकाम काढण्यापूर्वी महावितरणकडे लेखी अर्ज द्यावा, त्यांच्याकडूनच अंतर मोजून घ्यावे. लाइन हलवावी लागली तर खर्चाचा अंदाज तेच देतात. तो बहुधा आपल्यालाच भरावा लागतो. ही रक्कम प्लॉटचा सौदा ठरवतानाच हिशोबात धरावी.