वराहाच्या पोटाखाली

"आई, वाकू नको. डॉक्टरनं काय सांगितलं होतं?"

रामटेकच्या गडावर, वराह दरवाजापाशी, उघड्या मंडपात दगडी वराह उभा आहे. याच्या पोटाखालून आरपार निघेल तो निष्पाप, अडकेल तो पापी, असं लोक मानतात. माझ्यापुढे सत्तरीची बाई आणि पन्नाशीकडे झुकलेला तिचा मुलगा. त्याच्या एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्यात तिच्या चपला, खांद्यावर तिचीच पिशवी. आवाज मात्र शाळामास्तरचा. गाडीतळापासून ऐकतोय मी: पाणी पी, सावकाश चाल, माकडांकडे बघू नको.

"माहे गुडघे हायेत, मी पाहून घेईन." पदर खोचून ती खाली शिरते. सरपटत, धापा टाकत, पण निघते पलीकडे. मुलानं पुढे केलेला हात न धरता वराहाच्या पायाला धरून उठते.

"आता तू ये, बाबू."

बाबू स्वतःच्या पोटाकडे बघतो. "मला कशाला?"

"काऊन? भेतं का?"

रांगेत खसखस पिकते. तो शिरतो आणि मधेच थांबतो. ती पटकन खाली बसते, दुखरे गुडघे विसरून. "श्वास सोड. आधी डावा खांदा." सकाळपासून हुकूम सोडणारा माणूस मुकाट्यानं डावा खांदा काढतो. बाहेर येतो तेव्हा शर्टाला धूळ. ती पदरानं झटकते. कोण बघतंय हे तो पाहून घेतो, पण बाजूला होत नाही.

मला प्रभावतीगुप्ता आठवते. दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक, वाकाटकांची सून. तरुणपणी विधवा झाली आणि मुलं लहान म्हणून शेजारच्या नंदिवर्धनातून, म्हणजे आजच्या नगरधनातून, तिनंच राज्य चालवलं. पुढे मुलगा दुसरा प्रवरसेन गादीवर बसला. त्याच्या राज्याच्या 19व्या वर्षी तिनं याच टेकडीवर, रामगिरिस्वामीच्या चरणांपाशी दान दिलं. त्या दानाच्या ऋद्धपूर ताम्रपटात वर्ष मुलाच्या राज्याचं आहे, वंशावळ मात्र तिच्या माहेरची, गुप्तांची. अभ्यासक त्यात गुप्तांचं वजन बघतात, ते असेलही. मला त्यात राजाची आई दिसते: राज्य तुझं, दान माझं.

पुढे प्रसादाच्या दुकानात मुलगा मोबाइल काढतो. ती त्याचा हात बाजूला सारते आणि बटव्यातून घडी घातलेली नोट काढते.

"आई, माझे पैसे काय वेगळे आहेत?"

"वेगळेच हायेत. देवाचं मी देते."

तो नारळ पिशवीत टाकतो. थोडं थांबून, जणू सहज, विचारतो, "मग पुण्याला कधी येतेस?"

"पोळा होऊ दे."

"मागच्या खेपेला दिवाळी होऊ दे म्हणालीस."

"मंग? झाली ना दिवाळी."