हरलं तरी रेटिंग वाढतं कसं? ज्युनियर टेनिसच्या आकड्यांविषयी थोडंसं

मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर एका पालकांनी विचारलं, "मुलगी दोन सेटमध्ये हरली आणि तिचं रेटिंग वाढलं. हे काय गौडबंगाल आहे?" आज तिथूनच सुरुवात करू या.

आधी रँकिंग बघू. रँकिंग म्हणजे साठवलेले पॉइंट्स. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, म्हणजे आयटीएफच्या ज्युनियर स्पर्धा 13 ते 18 वर्षांच्या मुलामुलींसाठी असतात. पायऱ्या अशा: जे30, जे60, जे100, जे200, जे300, जे500 आणि सगळ्यात वर ज्युनियर ग्रँड स्लॅम. 2009 मध्ये युकी भांब्रीनं ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मुलांची एकेरी जिंकली, ती ही वरची पायरी. नावातला आकडा म्हणजे एकेरीच्या विजेत्याला मिळणारे पॉइंट्स. ग्रँड स्लॅमला ते 1000 असतात.

आता गंमत बघा. 52 आठवड्यांतले एकेरीचे सर्वोत्तम सहा निकाल मोजतात, आणि दुहेरीच्या सर्वोत्तम सहांचे पंचवीस टक्के त्यात मिळवतात. म्हणजे कुणी वर्षभर जे30 खेळत राहिलं आणि दहा स्पर्धा जिंकल्या, तरी एकेरीचे पॉइंट्स 180च. उलट जे100 मध्ये नुसती उपांत्य फेरी गाठली तरी 36 मिळतात, जे30 च्या विजेतेपदापेक्षा जास्त! त्यामुळे सोप्या स्पर्धांच्या मागे गावोगाव हिंडण्यात पैसे जातात, शाळा बुडते, आणि वर काही सरकत नाही.

देशात आयटाची, म्हणजे अखिल भारतीय टेनिस संघटनेची यादी वेगळी असते. 12, 14, 16 आणि 18 वर्षांखालचे गट. टॅलेंट सिरीज, चॅम्पियनशिप सिरीज, सुपर सिरीज, नॅशनल सिरीज अशा पायऱ्या. सुरुवात इथूनच करावी.

रेटिंगचं गणित निराळं. ते विचारतं, तुम्ही कुणाशी खेळलात आणि कसे खेळलात. यूटीआर शेवटच्या बारा महिन्यांतले जास्तीत जास्त 30 सामने बघतं. त्यात वय नाही, मुलगा-मुलगी नाही. खूप वरच्या खेळाडूशी 4-6, 4-6 हरलात, तर वीसपैकी आठ गेम तुमचे. अपेक्षा तीनचीच असेल तर रेटिंग वाढणारच. त्या पालकांचं उत्तर हे!

एक सावधगिरी. यूटीआर 1 पासून 16.5 पर्यंत वर चढतं. आयटीएफचा वर्ल्ड टेनिस नंबर मात्र 40 वरून 1 कडे उतरतो. तिथे आकडा कमी झाला तर घाबरू नका, पेढे वाटा. (हशा)

थोडक्यात, रँकिंगवर स्पर्धेत प्रवेश मिळतो. रेटिंगवरून खेळ कुठे आहे ते कळतं. मूल कोर्टावरून आलं की पहिला प्रश्न "किती पॉइंट्स मिळाले?" असा नको. "आज समोरचा कसा खेळला?" असं विचारा. मूल बोलू लागेल, आणि पुढची स्पर्धा कुठली घ्यायची तेही त्यातूनच कळेल.