‘घ्या आणि विसरून जा’: अमळनेरच्या गोष्टीचा राहिलेला भाग

मोबाइलवर डिमॅट खातं उघडता येऊ लागल्यापासून जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावातही कापूस-सोयाबीनच्या भावाशेजारी शेअरचे भाव बोलले जाऊ लागले आहेत. ही चांगली गोष्ट आहे. पण त्या बोलण्यात एक सल्ला हमखास येतो: चांगल्या कंपनीचा शेअर घ्या आणि विसरून जा. शंका काढली की लगेच अमळनेरचा दाखला दिला जातो. तिथल्या लोकांनी विप्रोचे शेअर घेऊन ट्रंकेत टाकले आणि नातवंडं कोट्यधीश झाली, मग आपण का नाही? हा दाखला इतका घासला गेला आहे की त्यात काय सिद्ध होतं आणि काय होत नाही, हे तपासायचंच राहून गेलं.

दाखला खरा आहे, हे आधी मान्य करू. २९ डिसेंबर १९४५ रोजी अमळनेरात वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन झाली, १९४६मध्ये तिचे शेअर लोकांसाठी खुले झाले आणि गावातल्या अनेकांनी ते घेतले. तिचीच पुढे विप्रो झाली. १९९७च्या सुरुवातीला तिचा एक शेअर हाती असणाऱ्याचा हिशेब मांडून पाहा. त्या वर्षी एकाला दोन असा बोनस मिळाला, म्हणजे तीन झाले. १९९९मध्ये दहा रुपये दर्शनी मूल्याचा शेअर दोन रुपयांचा झाला, तिनाचे १५. २००४मध्ये पुन्हा एकाला दोन, ४५, २००५मध्ये एकास एक, ९०, २०१०मध्ये तिनाला दोन, १५०, २०१७मध्ये ३००, २०१९मध्ये तिनाला एक, ४००, आणि २०२४मध्ये ८००. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण बोनसने भाकरी मोठी होत नाही, तिचे तुकडे वाढतात. भाकरी मोठी झाली ती धंद्याने. आणि तो धंदा अमळनेरकरांनी निवडलेलाच नव्हता. त्यांनी घेतली होती वनस्पती तुपाची कंपनी. १९६६मध्ये वडिलांच्या निधनानंतर २१ वर्षांच्या अझीम प्रेमजींनी कारभार हाती घेतला, १९७०च्या दशकाच्या अखेरीस आयबीएम भारतातून गेली आणि त्या मोकळ्या जागेत ही कंपनी संगणकाकडे वळली. १९४६मध्ये हे कुणाला दिसणार होतं? त्याच गावात प्रताप शेठांची प्रताप मिल कितीतरी आधीपासून उभी होती. त्या काळच्या सावध माणसाने नव्या तेल कारखान्यापेक्षा मिलवर भरवसा ठेवला असता, तर त्याला चुकीचं कोण म्हणालं असतं? तिच्या भागधारकांची गोष्ट मात्र आज कुणी सांगत नाही.

अमळनेर दूर वाटत असेल तर आपल्या मराठवाड्यातच पाहा. धूत कुटुंबाची व्हिडिओकॉन, चितेगावचा तिचा कारखाना, आणि घराघरांत गेलेला तिचा टीव्ही. ‘ओळखीच्या, चांगल्या कंपनीचा शेअर’ या व्याख्येत ती चोख बसत होती. जून २०१८मध्ये ती दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. २०२१मध्ये कंपनी कायदा न्यायाधिकरणाने मंजूर केलेल्या प्रस्तावात सुमारे ६४,८३८ कोटींच्या मान्य दाव्यांपोटी २,९६२ कोटी होते आणि सामान्य भागधारकाच्या वाट्याला शून्य. तो प्रस्ताव पुढे अपिलात रद्द झाला, पण रांग बदलली नाही: दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३मध्ये भागधारकाचा नंबर सर्वांत शेवटी लागतो. चंद्रपूर जिल्ह्यातली बल्लारपूर इंडस्ट्रीज तर १९८६मध्ये सुरू झालेल्या सेन्सेक्सच्या पहिल्या ३० कंपन्यांत होती. २०२०मध्ये तिच्यावरही हीच वेळ आली. या दोन्हींचे शेअर घेऊन विसरणारेही तितकेच प्रामाणिक आणि तितकेच धीराचे होते.

हे अपवाद आहेत, असा आक्षेप येईल. अपवाद उलटे आहेत. हेंड्रिक बेसेम्बाइंडर या अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने १९२६पासूनचे अमेरिकेतले सगळे शेअर तपासले. दर सातांतल्या चार शेअरनी आपल्या संपूर्ण आयुष्यात सरकारच्या अल्पमुदतीच्या रोख्यांइतकाही परतावा दिला नव्हता, आणि बाजाराची सगळी निव्वळ कमाई अवघ्या चार टक्के कंपन्यांतून आली होती. म्हणजे विप्रो सापडणं हा नियम नाही. आणि सापडली तरी भाव महत्त्वाचा उरतोच. फेब्रुवारी २०००मध्ये विप्रोचा शेअर ९,०००च्या वर गेला होता. त्या भावाने घेणाऱ्याला, नंतरचे सगळे बोनस धरूनही, तोच भाव पुन्हा दिसायला २०२० उजाडलं.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: सारखी खरेदी-विक्री करणारे तर जास्तच बुडतात. अगदी बरोबर. पण धीर धरणं वेगळं आणि विसरणं वेगळं, हे जिंतूरच्या शेतकऱ्याला मी काय सांगावं? पेरलेलं सोयाबीन रोज उपटून मुळं बघायची नसतात, हे त्याला कळतं. पण म्हणून कोळपणी, फवारणी सोडून तो घरी बसत नाही. आणि सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी टाकतो, कारण एक पीक गेलं तर दुसरं हाताशी राहावं. शेअरलाही हेच लागू आहे. वर्षातून एकदा वार्षिक अहवाल उघडा. नफा कागदावरच आहे की रोखीनेही येतो आहे, कर्ज नफ्यापेक्षा वेगाने वाढतंय का, प्रवर्तकांनी आपले शेअर गहाण टाकलेत का, एवढं तरी पाहा. गहाण शेअरची माहिती दर तिमाहीला शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. एकाच कंपनीत इतके पैसे घालू नका की ती गेली तर घर हलेल. एवढा वेळ नसेल तर निर्देशांकाचा फंड घ्यावा, त्यात कमीपणा काहीच नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. दहा रुपयांचा शेअर स्वस्त आणि एक लाखाचा महाग, असं नसतं. एमआरएफचा शेअर जून २०२३मध्ये लाखावर गेला, कारण कंपनीने त्याचं विभाजन केलेलं नाही. निम्म्यावर आलेला भाव मूळपदावर यायला ५० नव्हे, १०० टक्के वाढावा लागतो. टेलिग्रामवरची टिप म्हणजे सल्ला नव्हे. सल्ला देणाऱ्याची सेबीकडे नोंदणी लागते.

आणि खरोखरच विसरलात तर? सलग सात वर्षं लाभांश घेतला गेला नाही, तर कंपनी कायद्याच्या कलम १२४नुसार तो शेअरच सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जमा होतो. १ एप्रिल २०१९पासून कागदी प्रमाणपत्रावरचे शेअर दुसऱ्याच्या नावावर विकताही येत नाहीत. घरात आजोबांची अशी प्रमाणपत्रं असतील तर ती आजच बाहेर काढा, कंपनीचं आजचं नाव शोधा आणि त्या निधीच्या संकेतस्थळावर नाव तपासा. निधीत गेलेले शेअर वारसांना अर्ज करून परत मागता येतात.