लिहून बोलणे : चॅट रूममधील इंग्रजी संभाषणाचा सराव

इंग्रजीचा पाठ चांगला शिकविणारे, व्याकरणाचे नियम अचूक सांगणारे, विद्यार्थ्यांच्या वह्यांतील चुका तत्परतेने दुरुस्त करणारे कित्येक शिक्षक प्रत्यक्ष इंग्रजीत चार वाक्ये बोलण्याचा प्रसंग आला म्हणजे एकाएकी गप्प होतात. शिक्षण परिषदेत एखाद्या पाहुण्याने सहज इंग्रजीत प्रश्न विचारला, तर उत्तर ठाऊक असूनही ते ओठांवर येत नाही. त्यातून शेजारच्या सहकाऱ्याने हसू दाबले, की पुढच्या परिषदेपासून तो शिक्षक मागच्या बाकावर जाऊन बसू लागतो. हा दोष बुद्धीचा नव्हे, आणि परिश्रमाचाही नव्हे. ज्या भाषेत कधी कोणाशी भांडण केले नाही, थट्टा केली नाही, भाजीचा भाव विचारला नाही, ती भाषा जिभेवर रुळावी तरी कशी?

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिल्या इयत्तेतच इंग्रजी शिकविले जाऊ लागले. दूरचित्रवाणीवर आणि मोबाइलवर मुलांच्या कानांवर इंग्रजी पडते, हे खरे. परंतु मुलाकडे पाहून, त्याचे नाव घेऊन, त्याच्या उत्तराची वाट पाहत इंग्रजीत बोलणारी व्यक्ती खेड्यातील बालकाला शिक्षकाखेरीज बहुधा दुसरी भेटत नाही. शिक्षक गप्प राहिला, तर मूलही गप्प राहावयास शिकते. म्हणून शिक्षकाचा स्वतःचा सराव ही वर्गाबाहेरची बाब मानता येत नाही. या सरावाचे एक सुलभ साधन म्हणजे चॅट. त्याचे गुण, मर्यादा आणि वापरण्याची रीत यांचा येथे विचार केला आहे.

चॅट रूम म्हणजे काय?

चॅट म्हणजे लिहून केलेल्या गप्पा. एकाने वाक्य लिहून पाठवावे, दुसऱ्याने ते त्याच क्षणी वाचून उत्तर द्यावे, आणि असे अनेकजण एकाच ठिकाणी जमले म्हणजे त्यास चॅट रूम म्हणावे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संगणकयंत्रणेवर १९७३ मध्ये अशी एक सोय निर्माण झाली होती. १९८८ मध्ये फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी ‘इंटरनेट रिले चॅट’ तयार केले आणि दूरदूरच्या देशांतील माणसे एका विषयावर एकत्र लिहू लागली. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजात ‘श्मूझ युनिव्हर्सिटी’ नावाचे एक काल्पनिक विद्यापीठ संगणकावर उभे राहिले. इंग्रजी शिकणाऱ्या निरनिराळ्या देशांतील विद्यार्थ्यांनी तेथे येऊन लिखित गप्पा माराव्यात, हाच त्याचा उद्देश होता.

पुढे मोठ्या कंपन्यांनी सर्वांसाठी खुल्या चॅट रूम चालविल्या. त्यांपैकी याहूच्या चॅट रूम २०१२ मध्ये बंद झाल्या. आता सामान्यतः हे काम मोबाइलवरील संदेशांच्या गटांतून होते. साधन बदलले, तरी लिहून बोलण्याचे तत्त्व तेच राहिले.

या साधनाने काय साधते?

पहिला लाभ म्हणजे अवधी. समोरासमोरच्या बोलण्यात उत्तराला क्षणभर उशीर झाला तरी संकोच वाटतो. चॅटमध्ये अर्धा मिनिट थांबून, वाक्य जुळवून, एकदा वाचून ते पाठविता येते.

दुसरा लाभ असा की, बोललेला शब्द हवेत विरतो, लिहिलेला डोळ्यांसमोर राहतो. आपले वाक्य आणि दुसऱ्याचे वाक्य शेजारी शेजारी ठेवून पाहता येते. मराठीत ‘तुम्ही येणार’ या विधानापुढे ‘का’ जोडला की प्रश्न तयार होतो, शब्दांचा क्रम बदलत नाही. इंग्रजीत साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी येते. म्हणून आपल्याकडील शिक्षक ‘विल यू कम?’ ऐवजी ‘यू विल कम?’ असे सहज म्हणून जातो. ही चूक बोलताना जाणवत नाही, पण लिहिलेल्या संवादात ती दहा वेळा दिसली म्हणजे आपली आपल्यालाच कळते.

तिसरा लाभ संकोची माणसाचा. मार्क वॉरशॉअर यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या चार-चार जणांच्या गटांना एकदा समोरासमोर आणि एकदा संगणकावर चर्चा करावयास सांगितले होते. संगणकावरील चर्चेत सहभाग अधिक समप्रमाणात विभागला गेला, आणि तेथील भाषाही अधिक समृद्ध होती, असे त्यांना आढळले. जो मोठ्याने बोलतो त्याचीच सभा होते, हा सर्वत्रचा अनुभव आहे. लिहिताना मात्र कोणी कोणाचे वाक्य मध्येच तोडू शकत नाही.

काय साधत नाही?

चॅटने उच्चार सुधारत नाहीत, हे प्रथमच ध्यानात घ्यावे. इंग्रजीत आघाताला फार महत्त्व आहे. ‘फोटोग्राफ’ या शब्दात आघात पहिल्या अवयवावर, तर ‘फोटोग्राफर’ या शब्दात तो दुसऱ्या अवयवावर येतो. हे लिहिण्यातून कधीच कळणार नाही. त्याचप्रमाणे दुसऱ्याचे भरभर बोलणे ऐकून समजून घेण्याचा सरावही येथे घडत नाही. शिवाय शब्दांची मोडतोड करून एका अक्षरात किंवा अंकात संदेश लिहिण्याची सवय लागली, तर तीच उद्या फळ्यावर उतरेल. अर्थात चॅट हा लेखन आणि भाषण यांमधील पूल आहे. पुलावर मुक्काम करावयाचा नसतो.

सरावाची रीत

महाराष्ट्र शासन, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट्स यांच्या सहकार्याने २०१६ पासून काही जिल्ह्यांत राबविलेल्या ‘तेजस’ प्रकल्पात इंग्रजी शिकविणाऱ्या शिक्षकांचे लहान गट जमत आणि मोबाइलवरील गटांतूनही त्यांचा संपर्क राहत असे. ओळखीच्या सहकाऱ्यांचा असा छोटा गट हाच सरावाचा उत्तम आरंभ होय. पुढील क्रम कोणत्याही केंद्रातील पाच-सहा शिक्षकांना सहज पाळता येईल.

१. आठवड्यातील दोन दिवस आणि वीस मिनिटांची वेळ ठरवावी. त्या वेळी सर्वांनी हजर राहावे. दिवसभर अधूनमधून टाकलेल्या संदेशांना संभाषणाची गती येत नाही. शुभेच्छांची चित्रे व पुढे पाठविलेला मजकूर या गटात येऊ देऊ नये.

२. विषय जवळचा घ्यावा : आज वर्गात काय घडले, पाऊस, पोषण आहार, एस. टी. चुकली तो दिवस. ज्याविषयी खरोखर सांगावेसे वाटते, त्यासाठी शब्द शोधले जातात आणि शोधलेले शब्द स्मरणात राहतात.

३. संभाषण चालू असता चूक दाखवू नये. समजा, एका बाईंनी लिहिले, ‘यस्टरडे आय गो टू तालुका ऑफिस.’ सहकाऱ्याने उत्तरादाखल लिहावे, ‘ओह, यू वेंट टू द तालुका ऑफिस! व्हाय?’ योग्य रूप समोर आले, आणि बोलणेही थांबले नाही. या एका प्रश्नाने बाईंना पुढचे वाक्य ‘वेंट’ वापरूनच लिहावेसे वाटेल.

४. वीस मिनिटे संपल्यावर प्रत्येकाने आपलीच तीन वाक्ये निवडून शब्दकोश व व्याकरण पाहून ती शुद्ध करावीत आणि वहीत उतरावीत. दुसऱ्याच्या चुका मोजण्यात वेळ घालवू नये.

५. ती शुद्ध वाक्ये मोठ्याने तीनदा वाचावीत. शब्दकोशाच्या मोबाइल आवृत्तीत उच्चार ऐकण्याची सोय असते. आघाताबद्दल शंका आल्यास तो ऐकून घ्यावा.

६. महिन्याभराने तोच विषय लिहिण्याऐवजी ध्वनिसंदेशाने बोलावा, आणि त्यानंतर फोनवर प्रत्यक्ष बोलावा. हा टप्पा टाळला, तर सर्व खटाटोप लेखनाचाच राहील.

गटातील सर्वच जण सारखी चूक करीत असतील, तर ती चूक पक्की होण्याचा संभव असतो. म्हणून महिन्यातून एकदा उत्तम इंग्रजी जाणणाऱ्या एखाद्या माध्यमिक शिक्षकास गटात बोलवावे. संगणकाच्या प्रणालीशीही आता इंग्रजीत लिहून संवाद करता येतो. ती कधी कंटाळत नाही व हसतही नाही, परंतु तीही चुकते. आणि माणसापुढे बोलण्याची भीती माणसापुढे बोलूनच जाते.

अपरिचितांच्या चॅट रूमविषयी

परदेशी माणसाशी बोलले की इंग्रजी लवकर येते, या समजुतीने काही जण अनोळखी लोकांच्या खुल्या चॅट रूममध्ये जातात. तेथे समोरची व्यक्ती स्वतःचे नाव, वय व देश खरा सांगते की नाही, हे कळण्यास मार्ग नसतो. अनोळखी माणसांची गाठ घालून देणारे ‘ओमेगल’ हे संकेतस्थळ मुलांच्या लैंगिक शोषणाच्या तक्रारींनंतर नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद करण्यात आले. प्रौढ शिक्षकाने अशा ठिकाणी आपला पत्ता, छायाचित्र, बँकेचा तपशील अथवा ओटीपी कधीही देऊ नये. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर त्वरित कळवावे. विद्यार्थ्यांना मात्र सरावाच्या नावाखाली तेथे मुळीच पाठवू नये. एखादे मूल संकटात सापडल्याचे कळले, तर १०९८ या क्रमांकावर साहाय्य मिळते.

वर्गासाठी कागदी चॅट

मुलांना या पद्धतीचा लाभ द्यावयाचा तर मोबाइलची आवश्यकताच नाही. जोडीने बसलेल्या दोन मुलांना एक कोरा कागद द्यावा. पहिल्याने इंग्रजीत एक ओळ लिहून कागद सरकवावा, दुसऱ्याने खाली उत्तर लिहावे. दहा मिनिटे तोंडाने एक शब्दही बोलावयाचा नाही, असा नियम ठेवावा. मुलांना त्याची गंमत वाटते आणि शब्द अडला तर ती शिक्षकाकडे कागद घेऊन येतात. वेळ संपल्यावर जोडीने उभे राहून आपला संवाद वाचावा, आणि दुसऱ्या दिवशी तोच कागद न पाहता बोलावा. नेट नसलेल्या वाडीवरील शाळेतही हे शक्य आहे. जे मूल वर्गात कधी हात वर करीत नाही, त्याचा कागद शिक्षकाने विशेष लक्ष देऊन वाचावा. त्याच्यापाशी सांगण्यासारखे किती होते, ते तेथे दिसते.

तेव्हा येत्या शिक्षण परिषदेपूर्वी आपल्या केंद्रातील चार-पाच सहकाऱ्यांनी वेळ ठरवून आरंभ करावा. पहिल्या दिवशी दोन-दोन शब्दांचीच वाक्ये जमली, तरी हरकत नाही. हसावयाचे असेल तर सर्वांनी मिळून हसावे, एकट्याला मागच्या बाकावर पाठविण्यासाठी हसू नये. पाठातील वाक्य म्हणून नव्हे, तर खरोखरच उकडते आहे म्हणून एखाद्या दुपारी शिक्षक ‘ओपन द विंडो, प्लीज’ असे म्हणतील आणि एखादे मूल उठून खिडकी उघडील, तेव्हा त्या वर्गात इंग्रजी बोलले जाऊ लागले असे समजावे.