रूम मिळाली म्हणून लगेच सही करू नका. भाडेकरार आधी वाचा

निकाल लागले, अ‍ॅडमिशनच्या फेऱ्या सुरू झाल्या की पुण्यात कोंढवा, कॅम्प, हडपसर या भागांत रूम शोधणाऱ्या पालकांची गर्दी होते. लातूर, बीड, सोलापूर, रत्नागिरीहून आलेल्या आई-वडिलांना दोन दिवसांत मुलाची सोय लावून परत जायचे असते. त्यात आपल्या मुलांची एक वेगळी अडचण आहे, ती सगळ्यांना ठाऊक आहे. नाव सांगितले की "अहो, रूम कालच गेली" असे उत्तर येते. चार ठिकाणी हे ऐकल्यावर पाचव्या ठिकाणी कोणी हो म्हणाले की इतके हायसे वाटते, की एजंट पुढे करेल त्या कागदावर सही होऊन जाते. नेमके इथेच थांबायला हवे, असे आम्हाला वाटते. घरमालक उपकार करत नाही, भाडे घेतो. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा, ही ताकीद तर आपल्याला सूरह बकरामध्येच आहे.

महाराष्ट्रात विद्यार्थ्यांशी होणारा करार बहुतेक वेळा 'लिव्ह अँड लायसन्स' असतो. याचा अर्थ, घर वापरायची ठरावीक मुदतीची परवानगी. तुम्ही कायद्याच्या अर्थाने भाडेकरू होत नाही. मुदत संपली की जागा सोडावी लागते. सोडली नाही तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २४ प्रमाणे दुप्पट भाडे भरावे लागू शकते. म्हणून कराराची शेवटची तारीख आणि परीक्षेचे वेळापत्रक एकदा शेजारी ठेवून पाहा. ऐन परीक्षेत करार संपत असेल तर आत्ताच एक-दोन महिने वाढवून घ्या.

"अकरा महिन्यांचा आहे, रजिस्टर कशाला, नोटरी करू" हे वाक्य एजंटकडून हमखास ऐकायला मिळते. आपल्या राज्यात ते चालत नाही. याच कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती केली नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय नोंदणी नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर घरमालक वेगळे सिद्ध करत नाही तोवर भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. खर्चाचा बाऊ करू नका. १५,००० भाडे, ५०,००० डिपॉझिट, ११ महिने, असा करार असेल तर स्टँप ड्युटी पाव टक्क्याने चारशे-पाचशे रुपयांतच बसते. शहरात नोंदणी फी १,००० रुपये. एजंट याचे चार-पाच हजार सांगत असेल तर बाकीचे कशाचे, ते विचारा. नोंदणी ऑनलाइन होते, आधार आणि अंगठा लागतो. पुढे बँकेत किंवा गॅससाठी पत्त्याचा पुरावा म्हणून हाच कागद कामी येतो.

सही कोण करणार, हाही प्रश्न आहे. मुलगा किंवा मुलगी अठराच्या आत असेल तर त्यांच्या सहीला करारात किंमत नाही, आई किंवा वडिलांनी करावी. तीन-चार मुले मिळून फ्लॅट घेतात तेव्हा मात्र जास्त सावध राहायला हवे. एकाच मुलाच्या नावावर करार असेल तर बाकीचे सोडून गेले तरी मालक पूर्ण भाडे त्याच्याकडूनच मागणार. सगळ्यांची नावे असतील तर 'संयुक्त आणि वैयक्तिक जबाबदारी' असे शब्द आहेत का पाहा. असतील तर चौघांचे भाडे एकाकडूनही वसूल होऊ शकते. म्हणून एक जण मध्येच गेला तर त्याच्या जागी दुसरा आणता येईल, हे करारातच लिहून घ्या. मुलांनी आपसातही कोणी किती डिपॉझिट भरले ते लिहून सह्या कराव्यात. दोस्ती आहे म्हणूनच लिहावे!

डिपॉझिट दोन महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. ती तरतूद केंद्राच्या २०२१ च्या नमुना कायद्यातली आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय ती लागू होत नाही. त्यामुळे आकडा बोलूनच कमी करावा लागतो. आकड्यापेक्षा तो परत कधी आणि काय कापून मिळणार, हे महत्त्वाचे. 'रंगकामाचा खर्च वजा करून' एवढेच लिहिले असेल तर किती, ते विचारा आणि रक्कम लिहायला लावा. पैसे बँकेतूनच द्या, रोख दिले तर पावती घ्या. भाडे न देता मोठे डिपॉझिट ठेवायचा 'हेवी डिपॉझिट' प्रकार शक्यतो टाळा. मोठी रक्कम अडकते, आणि शरई बाजूने बऱ्याच उलमांना तो पटत नाही.

आता लॉक-इन. 'सहा महिने लॉक-इन' असेल तर मुलाची अ‍ॅडमिशन पुढच्या फेरीत दुसऱ्या शहरात गेली तरी सहा महिन्यांचे भाडे मागितले जाऊ शकते. अ‍ॅडमिशन पक्की नसेल तर ही अट काढायला सांगा, नाहीतर 'प्रवेश बदलल्यास एक महिन्याच्या नोटिसवर' असे वाक्य घालून घ्या. लॉक-इन आणि नोटीस दोन्ही बाजूंना सारखीच हवी. मालक कधीही काढू शकतो आणि मुलगा मात्र बांधलेला, असा कागद स्वीकारू नका.

मेंटेनन्स, पाणी, लाइट बिल कोणाकडे, हे एका ओळीत मिटते. सोसायटी घर भाड्याने दिल्याबद्दल जादा आकार लावते, तो मालकाचा खर्च असतो. तोंडी अटी मात्र सोडू नका. "नॉनव्हेज करायचे नाही", "पाहुणे नकोत" असे सही झाल्यावर सांगितले जाते. आधीच स्पष्ट विचारा. गावाहून अम्मी आठ दिवस येऊन राहील तर चालेल का, तेही विचारा. जे कबूल होईल ते लिहून घ्या.

समोरचा माणूस खरा मालक आहे का, हे लाइट बिल किंवा घरपट्टीच्या पावतीवरच्या नावावरून कळते. नाव दुसरे असेल तर मुखत्यारपत्र मागा. भाडेकरूची माहिती पोलिसांना मालकाने कळवायची असते. ती कळवली का, ते विचारून पोच घ्या, म्हणजे मुलाला पुढे उगाच त्रास होणार नाही.

चावी घेताना भिंती, नळ, पंखे, गाद्या यांचे फोटो काढा, मीटरचा आकडा टिपा आणि त्याच दिवशी मालकाला पाठवा. सोडतानाही तेच करा, आणि नोटीस फोनवर न सांगता मेसेज किंवा मेलने द्या.