पटावर दिलेले उत्तर

बुद्धिबळाच्या नावात ‘बळ’ हा शब्द आहे खरा. परंतु ते बळ मनगटाचे नव्हे, बुद्धीचे. चौसष्ट घरांच्या पटावर खेळाडूची उंची, वजन किंवा आवाज यांचा काहीच उपयोग होत नाही. असे असूनही, शंभर वर्षांपूर्वी युरोपातील मोठ्या स्पर्धांत स्त्री क्वचितच दिसे. स्त्रियांना हा खेळ झेपणार नाही, अशी पुष्कळांची समजूत होती. ही समजूत खोटी ठरविणारी स्त्री म्हणजे व्हेरा मेंचिक.

व्हेराचा जन्म १९०६ साली मॉस्को येथे झाला. तिचे वडील चेक, तर आई इंग्रज होती. ती नऊ वर्षांची असताना वडिलांनी तिला बुद्धिबळ शिकविले. पुढे रशियात राज्यक्रांती झाली, घराची घडी विस्कटली, आणि १९२१ साली आई व धाकटी बहीण यांच्यासह ती इंग्लंडमधील हेस्टिंग्ज या समुद्रकाठच्या गावी आली. तिला इंग्रजी नीट येत नसे. पण पटाला भाषा लागत नाही. तेथील बुद्धिबळ मंडळात ती जाऊ लागली. गेझा मारोत्सी या थोर हंगेरियन खेळाडूचे मार्गदर्शन तिला लाभले.

उतावीळपणे राजावर तुटून पडणे तिच्या स्वभावात नव्हते. मोहरी योग्य जागी बसवावीत, प्रतिस्पर्ध्याची दुबळी जागा हेरावी आणि एखादे प्यादे पदरात पाडून घ्यावे, अशी तिची रीत होती. डावाच्या अखेरीस पटावर थोडीच मोहरी उरतात. तेव्हा हेच जास्तीचे प्यादे शेवटच्या घरात पोहोचून वजीर होऊ शकते. असे डाव धीराने जिंकण्यात व्हेराचा हातखंडा होता.

१९२७ साली लंडनला स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. व्हेराने ती जिंकली. त्यानंतर १९३९ पर्यंत झालेल्या सहाही स्पर्धांत तीच अजिंक्य ठरली.

१९२९ साली कार्ल्सबाद येथील स्पर्धेत बावीस खेळाडूंत ती एकटीच स्त्री होती. तेव्हा व्हिएन्नाच्या आल्बर्ट बेकरने थट्टेने सुचविले, की जो तिच्याकडून हरेल, त्याला ‘व्हेरा मेंचिक मंडळा’चा सभासद करावे. व्हेराने वाद घातला नाही. ती खेळत राहिली. पहिला सभासद झाला तो स्वतः बेकरच! त्या स्पर्धेत ती शेवटच्या क्रमांकावर राहिली. तरी तिने बलाढ्य खेळाडूंशी सामना देणे सोडले नाही. या मंडळात पुढे मोठमोठी नावे आली. १९३५ साली जगज्जेता झालेला हॉलंडचा मॅक्स युवे तिच्याकडून दोनदा हरला. ब्रिटनचे अजिंक्यपद तीन वेळा मिळविणारा पंजाबचा सुलतान खान, त्यालाही तिने हरविले.

दुसऱ्या महायुद्धात, २६ जून १९४४ रोजी, लंडनमधील तिच्या घरावर जर्मन उडता बॉम्ब पडला. व्हेरा, तिची आई व बहीण तिघीही मृत्युमुखी पडल्या. तेव्हाही जगज्जेतेपद तिच्याकडेच होते.

स्त्रियांच्या बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये विजयी संघाला मिळणारा करंडक व्हेराच्या नावाचा आहे. २०२४ साली बुडापेस्ट येथे भारतीय स्त्रियांनी ही स्पर्धा प्रथमच जिंकली. त्या संघात नागपूरची दिव्या देशमुख होती. थट्टेला व्हेराने शब्दांनी उत्तर दिले नाही. तिने ते पटावर दिले, आणि त्या उत्तराने पुढच्या मुलींची वाट मोकळी केली.