गोड्या पाण्यातील मासळी आणि पारा

मृगाचे पाणी ओढ्यांना आले की मासे चढणीला लागतात आणि गोव्यापासून बेळगावच्या मुलखापर्यंत खेडोपाडी वलगणीच्या मासळीचे कालवण शिजू लागते. एरवीही तळी, नद्या व धरणांचे जलाशय यांतील मासळी हा अनेक कुटुंबांच्या आहाराचा आधार आहे. हे सकस अन्न सोडून द्यावे, असे सुचविण्याचा येथे मुळीच हेतू नाही. परंतु काही ठिकाणच्या मासळीत पारा साठलेला असू शकतो. म्हणून ती पारखून व बेताने खाणे हिताचे ठरते.

पारा माशात कसा येतो?

दगडी कोळशाचा धूर, कारखान्यांचे सांडपाणी व फेकून दिलेली पाऱ्याची उपकरणे यांतून पारा जलाशयात उतरतो. तळाच्या गाळातील सूक्ष्म जंतू त्याचे मिथिल पारा या अधिक घातक संयुगात रूपांतर करतात. ते शेवाळात व सूक्ष्म जीवांत शिरते, त्यांवर जगणाऱ्या लहान माशांत वाढते आणि लहान मासे गिळणाऱ्या मोठ्या माशांत सर्वाधिक साठते. त्यामुळे पाणी निर्मळ दिसत असले तरी त्यातील शिकारी मासा निर्धोक असेलच असे नाही.

अनुभवाचा धडा

जपानमध्ये १९५६ साली मिनामाता उपसागराकाठी आणि १९६५ साली निइगाता प्रांतात अगानो नदीकाठी, कारखान्याच्या सांडपाण्यातील पाऱ्याने दूषित झालेली मासळी खाऊन लोकांना मज्जासंस्थेचा भयंकर विकार जडल्याचे उघडकीस आले. मिनामाता येथे ज्या मातांना स्वतःला फारसा त्रास जाणवला नव्हता, अशांच्या पोटी मेंदूला गंभीर इजा झालेली बालके जन्मास आली. गर्भाच्या वाढत्या मेंदूस हे विष सर्वाधिक बाधते. आपल्या देशातही कोडाईकनाल येथील तापमापकांचा कारखाना पाऱ्याच्या प्रदूषणामुळे २००१ साली बंद झाला; तेथील तलावाच्या मासळीतही पुढे पारा आढळला.

शिजवून पारा जातो काय?

मासळी स्वच्छ धुऊन, मीठ-हळद लावून तळली की तिच्यातील दोष निघून जातो, अशी समजूत आहे. पाऱ्याच्या बाबतीत ती चुकीची होय. तो मांसातील प्रथिनांशी घट्ट बांधलेला असल्याने कातडे सोलून, तळून वा उकळून निघत नाही. चवीने किंवा वासानेही तो ओळखता येत नाही. यास्तव खरी दक्षता मासळी निवडतानाच घ्यावयास हवी.

किती खावी?

जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि शेती संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने २००३ साली मिथिल पाऱ्याची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे आठवड्यास १.६ मायक्रोग्रॅम अशी ठरविली. म्हणजे ५० किलो वजनाच्या स्त्रीस आठवड्याला ८० मायक्रोग्रॅम. एक किलो मासळीत ०.२ मिलिग्रॅम मिथिल पारा असेल, तर तिला आठवड्यात ४०० ग्रॅम मासळी चालेल, तोच ०.५ मिलिग्रॅम असेल, तर १६० ग्रॅमच. १५ किलो वजनाच्या मुलास अशा मासळीची जेमतेम एक लहान तुकडी पुरे.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. मरळ, शिंगटा यांसारखे मोठे शिकारी मासे क्वचितच खावेत. रोहू, कटला, मृगळ व लहान मासळी यांस प्राधान्य द्यावे.

२. एकाच तळ्यातील एकाच जातीची मासळी रोज खाऊ नये. अधूनमधून बांगडा, तारली यांसारखी समुद्रातील लहान मासळी घ्यावी.

३. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या माता आणि लहान मुले यांना मोठे शिकारी मासे देऊ नयेत.

४. कारखान्याचे सांडपाणी जेथे मिळते, त्याच्या खालच्या अंगाची मासळी तपासणी झाल्याखेरीज खाऊ नये.

५. फुटलेले तापमापक अथवा ट्यूबलाइट नाल्यात वा तळ्यात टाकू नयेत.

पाऱ्याच्या वापरास आळा घालणाऱ्या मिनामाता करारास भारताने २०१८ साली मान्यता दिली आहे. तथापि गावच्या तळ्याची राखण गावानेच करावयाची असते. शंका आल्यास ग्रामपंचायतीने पाणी व मासळी यांच्या तपासणीची लेखी मागणी करावी आणि शिक्षकांनी ही माहिती मुलांकरवी घरोघरी पोहोचवावी. दूषित मासळी बंद केल्यावर शरीरातील पारा काही महिन्यांत उतरत जातो. पण गर्भाच्या मेंदूस झालेली इजा भरून येत नाही.